साप चावलेला माणूस मंत्रानं बरा होताना पाहिलाय, मग ते खोटं कसं मानू?

तुम्ही विचारलंय की गावात साप चावलेली माणसं मंत्रानं बरी झालेली तुम्ही स्वतः पाहिलीत, उतरवणारा एक पैसाही घेत नाही, मग शिकलेली माणसं याला अंधश्रद्धा का म्हणतात.

तुम्ही जे पाहिलंत ते घडलं, यात मला शंका नाही. माझे आबा, वडिलांचे वडील, साप उतरवायचे. रात्री दोन वाजता कुणी दार वाजवलं तरी कडुलिंबाचा डहाळा घेऊन बसायचे. पैसे तर सोडाच, त्या घरचा चहासुद्धा घेत नसत. विद्या विकली की जाते, असं म्हणायचे. मी आज एका ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे आणि पावसाळ्यात साप चावलेल्यांचं रक्त तपासणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेलो आहे.

बारावीत असताना मी आबांना विचारलं होतं, आजवर किती जण बरे केले? त्यांनी नावासकट कितीतरी सांगितले. मग विचारलं, गेलेले किती? ते म्हणाले, "तसं कुणी नाही रं. एकाला आणायला उशीर केला, एकाच्या घरच्यांनी पथ्य मोडलं, एकाचा काळच आला होता." आजी चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. सात झाली. त्या सातही घरी ती भाकरी घेऊन गेली होती, म्हणून तिच्या लक्षात होती. आबा खोटं बोलत नव्हते. वाचला तो मंत्रानं वाचला आणि गेला तो दुसऱ्याच कशानं तरी गेला, असा हिशेब त्यांच्या मनात आपोआप होत होता. अशा हिशेबात मंत्र कधीच हरू शकत नाही. तुम्ही पाहिलेल्या माणसांबरोबर तुमच्या गावातली न वाचलेली माणसंही आठवून बघा. म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना माहीत असतं.

आता वाचलेले का वाचले? आपल्याकडे माणसं मरतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बाकी धामण, दिवड, तस्कर, कवड्या या सगळ्यांना माणसाला मारण्याइतकं विषच नाही. भातलावणीत चिखलात पाय पडला की चावते ती बहुतेक वेळा दिवड. भरपूर रक्त येतं, माणूस भीतीनं पांढराफटक पडतो, पण विषाचा प्रश्नच नसतो. कवड्या दिसायला थेट मण्यारीसारखा, त्यामुळे कवड्या चावलेला 'मण्यार चावूनही वाचला' म्हणून गावभर सांगितला जातो. (पट्टे बघा: कवड्याचे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे त्याच्या उलट. पण हे लांबूनच, साप पकडायच्या भानगडीत पडू नका.) शिवाय खरा विषारी सापसुद्धा दर वेळी विष सोडतोच असं नाही. दात लागतात, विष उतरत नाही. त्याला कोरडा दंश म्हणतात. हे सगळे लोक मंत्र म्हटला तरी वाचतात आणि नाही म्हटला तरी वाचतात.

आमच्या प्रयोगशाळेतली एक साधी तपासणी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यात दिसतं. घोणशीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. म्हणून चावलेल्या माणसाचं दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग ती अलगद तिरपी करायची. निरोगी रक्ताची गाठ नळीला धरून बसते. विष भिनलं असेल तर रक्त पाण्यासारखं वाहतं. पण नळी साबणानं धुतलेली असेल तर निरोगी रक्तसुद्धा गोठत नाही. म्हणून शंका आली की आम्ही रुग्णासोबत आलेल्या धडधाकट नातेवाइकाचं रक्त तसल्याच दुसऱ्या नळीत घेतो. त्याचं गोठलं आणि रुग्णाचं नाही गोठलं, तरच विषाला दोष द्यायचा.

मंत्राची ती दुसरी नळी कुठे आहे? म्हणजे तोच साप चावलेला, तितकंच विष गेलेला, पण ज्याच्यावर कुणी मंत्र म्हटला नाही असा माणूस. तो बघितल्याशिवाय पहिल्या नळीवरून काहीच ठरत नाही. तुमचे डोळे खोटं सांगत नाहीत, त्यांनी फक्त एकच नळी पाहिली आहे. उतरवणारा पैसे घेत नाही यावरून तो सज्जन आहे हे कळतं, मंत्र चालतो हे कळत नाही. माझे आबाही सज्जनच होते.

नुसता मंत्र म्हटल्यानं काय बिघडतं, असं काही जण म्हणतात. वेळ जातो, हेच बिघडतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, थुंकी गिळता येत नाही आणि मग श्वास बंद पडतो. अशा माणसाला कडुलिंबाचा पाला चघळायला देऊन "कडू लागतोय, म्हणजे विष नाही" असं सांगताना मी ऐकलंय. विष ओळखायची ती रीतच नव्हे. मिटणाऱ्या पापण्या समोर दिसत असतात आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत असतात. त्या तासाभरात तो रुग्णालयात पोचला असता, तर सापाच्या विषावरचं इंजेक्शन आणि कृत्रिम श्वास यांवर वाचण्याची चांगली आशा होती. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं अंदाजे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. बरेच जण रुग्णालयाचं तोंडही न बघता गेले.

म्हणूनच डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आपल्याकडे झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा ठरवला आहे. त्यातला 'रोखून' हा शब्द नीट वाचा. देवाचं नाव घेण्यावर बंदी नाही.

साप दूध पितो, डूख धरतो, मांडुळाला दोन तोंडं असतात, याही गोष्टी खऱ्या नाहीत, पण त्यांनी माणूस मरत नाही (सापाचे मात्र हाल होतात), म्हणून इथे त्यांत शिरत नाही.

कुणाला साप चावला तर त्याला चालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता ठेवा, अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. दोरीनं आवळू नका, कापू नका, तोंडानं विष ओढू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं निघा. विषावरचं इंजेक्शन सरकारी रुग्णालयात फुकट मिळतं. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं ते एकच औषध या चारही सापांवर चालतं. पण त्याची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ते डॉक्टरांसमोरच घ्यायचं.

आबांचं सांगायचं राहिलं. एका जुलैत शेजारच्या पोराला घोणस चावली. लोक त्याला आबांकडेच घेऊन आले. मी सुट्टीवर घरी होतो. मी म्हणालो, "आबा, मंत्र गाडीत म्हणा." ते काही न बोलता गाडीत बसले आणि वाटभर पुटपुटत राहिले. प्रयोगशाळेत २० मिनिटं झाल्यावर मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तिरपी केली. रक्त वाहिलं. दुसरी, पोराच्या बापाच्या रक्ताची, तिरपी केली. गाठ जागची हलली नाही. आबा बराच वेळ दोन्ही नळ्या धरून उभे होते.

पोराला इंजेक्शन लागलं. सहा तासांनी पुन्हा रक्त घेतलं, तोवर आबा बाकावरून उठले नव्हते. या वेळी नळी मी तिरपी केली आणि त्यांना दाखवली. गाठ धरली होती. ते म्हणाले, "ह्यो तुमच्या गाडीचा फोन नंबर मला मोठ्या अक्षरात लिहून दे."

तो कागद आमच्या ओसरीवर, आबांच्या खुंटीखाली, अजून चिकटवलेला आहे.