डॉमिनी, मॅन्स आणि अडलेला पाद्री

प्रश्न : इंग्रजी शब्दकोड्यात ‘स्कॉटिश शाळामास्तर, सात अक्षरं’ याचं उत्तर ‘डॉमिनी’ निघालं. पुढे एका अमेरिकन कोड्यात त्याच शब्दाला ‘पाद्री’ असा क्लू होता. छापताना चूक झाली असेल का?

चूक नाही, दोन्ही बरोबर आहेत. मुळात ही लॅटिनमधली हाक : ‘डोमिने’, म्हणजे ‘अहो महाराज’. स्कॉटलंडात ती मास्तरांना चिकटली, तर न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडे डच चर्चच्या पाद्र्यांना. आपल्या ‘पंतोजी’त आदराचा ‘जी’ मुरून गेला, तशीच ही हाकही नावात मुरली.

गूढ शब्दकोड्यात, म्हणजे जिथे शब्दाचे तुकडे पाडून क्लू देतात तिथे, हा शब्द फार सुरेख फुटतो. पार्टी म्हणजे इंग्रजीत ‘डू’ (डी, ओ), छोटी मोटार म्हणजे ‘मिनी’ आणि पूर्व दिशा म्हणजे ‘ई’. जोडा, की मास्तर हजर! क्लूमध्ये पार्टी, गाडी आणि दिशा अशी अनोळखी मंडळी एकत्र दिसली आणि सोबत ‘स्कॉट’ असेल, तर हा शब्द लगेच लावून पाहा.

प्रश्न : ‘स्टिकिट मिनिस्टर’ म्हणजे कोण? ‘मिनिस्टर’ पाहून मी मंत्री शोधत बसलो.

हा माझा सर्वांत आवडता शब्द. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये ‘मिनिस्टर’ म्हणजे पाद्री आणि ‘स्टिकिट’ म्हणजे अडलेला. गरीब घरातला हुशार मुलगा वर्षानुवर्षं धर्मशास्त्र शिकायचा, प्रवचनाचा परवानाही मिळवायचा. पण पुढे गाडी अडायची, चर्च काही मिळायचं नाही. मग पोटासाठी शिकवणं आलं. वॉल्टर स्कॉटच्या १८१५ च्या ‘गाय मॅनरिंग’ कादंबरीतला डॉमिनी सॅम्पसन असाच. पहिल्याच प्रवचनाला त्याची बोबडी वळते, तो बायबल मिटतो आणि धडपडत व्यासपीठावरून खाली उतरतो. गाव त्याला कायमचं हेच नाव देतं. एका घराच्या सगळ्या आशा कुठे थांबल्या, ते या दोन शब्दांत कळतं, म्हणून कोड्यात तो भरताना मला नेहमी गलबलून येतं.

प्रश्न : मास्तर आणि पाद्री यांचे क्लू इतके एकमेकांत का मिसळतात?

कारण गावात ते खरोखरच मिसळलेले होते. १५६० मध्ये स्कॉटिश धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक चर्चच्या हद्दीत शाळा हवी, असा आराखडा मांडला. १६९६ च्या कायद्याने शाळेच्या जागेचा आणि मास्तरांच्या पगाराचा भार गावच्या जमीनदारांवर टाकला. मास्तर बहुधा चर्चचं दप्तरही सांभाळत आणि रविवारी स्तोत्रं सांगत. अशा मास्तरकीचा अनुभव आपल्या मुंबईलाही आहे : १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन हे स्कॉटिश पाद्रीच, आणि त्यांनी काढलेल्या शाळेतूनच पुढे विल्सन कॉलेज उभं राहिलं.

प्रश्न : ‘स्कॉटिश पाद्र्याचं घर, पाच अक्षरं’ इथे ‘व्हिकारेज’ बसत नाही.

बसणारही नाही. व्हिकारेज म्हणजे व्हिकारचं घर, आणि व्हिकार हा इंग्लंडच्या चर्चचा पाद्री. स्कॉटिश चर्चला तर बिशपसुद्धा नाही. तुमचं उत्तर ‘मॅन्स’. चार चौकोन असतील आणि इमारत चर्चची असेल, तर ‘कर्क’.

प्रश्न : ‘रेक्टर’ कोणत्या बाजूचा?

दोन्ही, म्हणून जपून. आपल्याला वसतिगृहाचे रेक्टर आठवतात. स्कॉटलंडात काही माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक रेक्टर, तर इंग्लंडात पाद्री. क्लूमध्ये देश दिला असेल, तर आधी तो पाहा.

प्रश्न : ‘टॉझ’?

मास्तरांचा चामडी पट्टा, टोकाला चिरलेला. पाच अक्षरं. फाइफमधल्या लॉकगेली गावात तो इतका बनायचा, की गावाचं नावच पट्ट्याला पडलं. सरकारी शाळांत त्यावर १९८७ मध्ये बंदी आली. आता तो चौकोनांतच भेटतो, याचा मला मनापासून आनंद आहे.