इंग्रजीची सगळी अक्षरं ओळखणारं मूल शब्द वाचताना अडतं, काय करावं?

अक्षरांची नावं थोडे दिवस बाजूला ठेवा आणि फक्त आवाज जोडायला शिकवा. ‘एस-ए-एम’ म्हटल्यावर मुलाला ‘सॅम’ ऐकूच येत नाही. ‘स्स्सॅऽऽम्म्म’ असं न थांबता ओढून म्हटलं की येतं. म्हणून सुरुवात स्, म्, न्, फ् अशा लांबवता येणाऱ्या आवाजांनी करा. ब्, ट् नंतर, तेही शेवटी ‘अ’ न जोडता. चित्र बघून अंदाजाने वाचू देऊ नका. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या २००० सालच्या अहवालातही आवाज क्रमाने शिकवल्याचा लहान मुलांना फायदा होतो, असंच निघालं. मात्र काही महिने रोज सराव करूनही आवाज जुळत नसतील, तर कान-डोळे तपासून घ्या, डिस्लेक्सियाची, म्हणजे मेंदूला अक्षर-आवाज जोडून वाचणं अवघड जाण्याची, चाचणी करा. आळशी म्हणून रागावू नका.