जुनी नाटकं, आजचे प्रयोग : वाचकांचे प्रश्न

‘संगीत शारदा’ १८९९ सालचं. बाला-जरठ विवाहाला, म्हणजे लहान मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावण्याला, कायद्याने कधीच बंदी आली. तरी पुण्यात हे नाटक अजून लागतं, ते केवळ पदांसाठीच ना? – एक वाचक, सहकारनगर

केवळ पदांसाठी असतं तर नाट्यगीतांच्या मैफलीवर भागलं असतं. त्या काळात सामाजिक सुधारणांवर बरीच नाटकं आली आणि विषयाबरोबरच विझली. ‘शारदा’ टिकलं ते नाटककार गो. ब. देवलांच्या बांधणीमुळे. लग्नाला उतावीळ झालेला म्हातारा भुजंगनाथ, लग्न जुळवून देणारा भद्रेश्वर दीक्षित आणि पैशाच्या लोभाने पोटची मुलगी देऊ करणारा कांचनभट, या तिघांनाही आपलं काही चुकतंय असं वाटत नाही. प्रत्येकाजवळ कारण तयार आहे, आणि ती कारणं ऐकायला इतकी ओळखीची आहेत की प्रेक्षक हसतो. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ला हसलेला तोच प्रेक्षक ‘मूर्तिमंत भीती उभी’ ऐकताना अवघडतो, कारण मघाशी आपण कशाला हसलो हे त्याला कळतं. मुलीला न विचारता तिचं ठरवणं काही कायद्याने संपलेलं नाही.

प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा भुजंगनाथापाशी. मान हलवणारा, बोळकं पसरणारा म्हातारा केला की पहिल्या प्रवेशात हशा मिळतो आणि पुढे धाक उरत नाही. भुजंगनाथाला आपण खरोखर तरुण वाटतो. नटाने कणा ताठ ठेवावा, वय फक्त उठता-बसताना दिसू द्यावं.

जाता जाता एक खुलासा : बालविवाह रोखणाऱ्या १९२९ च्या ‘शारदा कायद्या’चा या नाटकाशी संबंध नाही. तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला जातो.

आमच्या हौशी संस्थेला ‘एकच प्याला’ मध्यंतरासह अडीच तासांत बसवायचं आहे. कात्री कुठे लावावी? आणि सिंधूचं पातिव्रत्य आजच्या मुलींना पटत नाही, त्याचं काय करावं? – नाट्यमंडळ, कोथरूड

आधी हिशेब मांडा. मध्यंतराची १५ मिनिटं गेली की १३५ उरतात. दहा पदं ठेवली, प्रत्येकी साडेतीन मिनिटं, की ३५ गेली. गद्याला १०० मिनिटं मिळाली. नाटककार राम गणेश गडकऱ्यांचं गद्य मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांहून वेगाने म्हटलं तर मागच्या रांगेला नीट लागत नाही, म्हणजे संहिता साधारण दहा-अकरा हजार शब्दांवर आणावी लागेल. हा आकडा तालमी सुरू होण्याआधी गाठा. तालमीत कापायला बसलं की ज्याचं पाठांतर कच्चं त्याची वाक्यं जातात.

रामलाल-शरद-भगीरथ हा धागा सगळ्यात आधी आखडता येतो, पण मुळापासून उपटू नका. भगीरथ दारूतून बाहेर पडतो म्हणून सिंधूचा नवरा सुधाकर याचं दारूत बुडणं अटळ वाटत नाही, आणि अटळ नाही म्हणूनच ते जिव्हारी लागतं. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाला, दोन्ही बाजूंनी त्रास होतो. कुणी ते ‘नुसता विनोद’ म्हणून उडवतात, कुणी पदरचे विनोद घालून फुगवतात. ते उडवलं तर सुधाकरच्या घसरण्याची निसरडी जमीनच नाहीशी होते. ठेवा, पण संहितेबाहेरचा एक शब्दही घालू देऊ नका.

पदांसाठी एक कसोटी आहे. पद काढून त्याच्या मागचं आणि पुढचं वाक्य जोडून वाचा. प्रसंग अडला नाही तर पद मुखडा आणि एका अंतऱ्यावर आणा. ‘कशि या त्यजू पदाला’ या कसोटीला हलत नाही. भाऊ पद्माकर न्यायला आलाय, आणि ते पद हेच सिंधूचं उत्तर आहे. ‘चंद्र चवथिचा’ दोन ओळींतही पोहोचतं, तिथे आलापी तर अजिबात नको. उपाशी घरातली आई मूल निजवते आहे.

आता वाक्यं. गडकऱ्यांचं लांब वाक्य शेवटी क्रियापदावर येऊन उलगडतं. श्वास अपुरा पडला की नट नेमके तेच शेवटचे दोन शब्द गिळतो आणि समोर नुसता अनुप्रास पोहोचतो. संहितेवर पेन्सिलने श्वासाच्या खुणा करून घ्या : प्रत्येक स्वल्पविरामावर नव्हे, तर जिथे कल्पनेचा एक पदर पुरा होतो तिथे. कापायचं तर अख्खं वाक्य कापा. मधली दोन विशेषणं काढली की लय मोडते आणि पाठांतरही अडखळायला लागतं.

सुधाकरचं काम करणाऱ्याने पहिल्या प्याल्याला झिंगू नये. मुन्सफाने, म्हणजे न्यायाधीशाने, केलेल्या अपमानाने तो पेटलेला आहे, डोकं लख्ख चालू आहे. पुढच्या अंकांतही झोकांड्या जपून वापरा. प्यालेला माणूस सरळ चालण्याची धडपड करतो, ती धडपड दाखवली की नशा आपोआप दिसते.

सिंधूच्या तोंडी आजची वाक्यं घालू नका. गडकऱ्यांनी त्याच नाटकात गीता ठेवली आहे. ही तळीरामाची बायको : फटकळ, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. वेळ वाचवण्यासाठी गीता कापली की सिंधूचं सोसणं हाच एकमेव आदर्श उरतो आणि नाटक खरोखरच जुनं दिसायला लागतं. गीताचं काम तोलामोलाच्या नटीला द्या. आमच्या मते तुमच्या मुलींना हवं असलेलं उत्तर तिथेच आहे.

‘सौभद्र’च्या तालमीत आमची सुभद्रा काळी चारमध्ये गाते, अर्जुन काळी एकमध्ये. तबलजी वैतागतो. दोघांनी एकच पट्टी धरावी का? – संगीतप्रेमी, चिंचवड

मुळीच धरू नये. पट्टी म्हणजे गायक ज्या स्वराला षड्ज (सा) मानतो तो स्वर; ‘काळी चार’ म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. स्त्रीपार्ट पुरुष करत तेव्हा पट्ट्यांमध्ये एवढं अंतर पडत नसे. आता मधली पट्टी काढली तर दोघांच्याही तारसप्तकाची ओढाताण होते, आणि नाट्यपद तर वरच खुलतं.

तुमच्या पट्ट्या नशिबाने सोयीच्या आहेत. काळी चारचा मध्यम (म) म्हणजेच काळी एक. अर्जुनासाठी षड्जात लावलेला तबला सुभद्रेला मध्यमात चालतो, प्रवेश बदलताना हातोडी काढायला नको. अडचण येते ती शुद्ध मध्यम न लागणाऱ्या रागांत. भूप किंवा यमनच्या पदाखाली मध्यमातला तबला खटकतो. तिथे काळी दोनमध्ये, म्हणजे सुभद्रेच्या पंचमात (प), दुसरा तबला तयार ठेवा. रंगीत तालमीच्या आधी पदांची यादी करून प्रत्येकासमोर पट्टी, ताल आणि कोणता तबला ते लिहा. एक प्रत ऑर्गनवर, एक तबल्याजवळ. दिवे लागल्यावर तबल्याची पुडी तापते आणि सूर हलतो, म्हणून तबले नाट्यगृहात अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा आणि मध्यंतरात पुन्हा जुळवून घ्या.

ऑर्गनवाल्याला नटाचा चेहरा दिसलाच पाहिजे. गद्याचं शेवटचं वाक्य संपता संपता स्वर मिळाला तर पद बोलण्यातून उगवतं. दोन सेकंद उशीर झाला की नट गाण्यासाठी थांबल्यासारखा दिसतो, आणि ‘संगीत नाटक संथ असतं’ ही तक्रार तिथून सुरू होते.

जुनं नाटक करायला परवानगी लागते का? – वाचक, सदाशिव पेठ

लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. किर्लोस्कर (१८८५), देवल (१९१६), गडकरी (१९१९) आणि खाडिलकर (१९४८) यांची नाटकं मुक्त आहेत. ‘एकच प्याला’तली पदं मात्र वि. सी. गुर्जरांची. त्यांचं निधन १९६२ चं, म्हणजे तीही २०२२ अखेर मुक्त झाली. ‘नटसम्राट’चा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे, ‘घाशीराम कोतवाल’चा २०६८ अखेरपर्यंत. तिथे लेखकाच्या वारसांची लेखी संमती हवी.

शब्द मुक्त म्हणजे चालही मुक्त, असं नाही. संगीतकाराची मुदत वेगळी मोजतात. ‘कट्यार’सारख्या नाटकात दोघांकडे विचारावं लागतं. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता देताना छापील पुस्तक देऊन मोकळे होऊ नका, तुम्ही प्रत्यक्ष करणार आहात ती कापलेली प्रतच द्या.