संशोधनाचा कोड जपावा कुठे? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : मांडवीच्या मुखाजवळच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवर चालणारा माझा पायथन या संगणकीय भाषेतला कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर आहे. प्रबंधात तोच दुवा दिला तर पुरेल का? (पीएचडीची विद्यार्थिनी, ताळगाव)

उत्तर : नाही. गिटहब ही काम करण्याची जागा आहे, जतनाची नव्हे. तिथला कोड तुम्ही उद्या बदलाल, कदाचित पुसूनही टाकाल. शिवाय अशा सेवा बंदही पडतात : गिटोरियस २०१५ मध्ये आणि गूगल कोड २०१६च्या जानेवारीत बंद झाले. त्यामुळे परीक्षकांकडे प्रबंध जाण्यापूर्वीच कोड झेनोडोवर जमा करावा. २०१३ पासून सुरू असलेले हे भांडार जिनिव्हाजवळची सर्न ही संस्था चालवते आणि ते विनामूल्य आहे. गिटहबचे खाते झेनोडोला जोडून आपल्या रिपॉझिटरीसमोरचे (कोडच्या फोल्डरसमोरचे) बटण आधी चालू करावे आणि मगच ‘रिलीज’ म्हणजे कोडची ठरावीक आवृत्ती काढावी, कारण त्यापूर्वी काढलेले रिलीज आपोआप जमा होत नाही. बरेच जण नेमके इथेच अडकतात. झेनोडो दोन डीओआय (संदर्भ देण्यासाठीचे कायमस्वरूपी ओळखक्रमांक) देते : एक त्या विशिष्ट आवृत्तीचा, दुसरा सर्व आवृत्त्यांसाठी सामाईक. ज्या आवृत्तीने प्रबंधातले आकडे निघाले, तिचाच डीओआय प्रबंधात द्यावा.

प्रश्न : मग ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ची गरज काय? (ग्रंथपाल, मडगाव)

उत्तर : फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६ मध्ये खुले केलेले हे संग्रहालय केवळ एक आवृत्ती नव्हे, तर कोडमध्ये झालेल्या बदलांचा संपूर्ण इतिहास साठवते. तिथे कोडचा ओळखक्रमांक त्याच्या मजकुरावरूनच काढला जातो, त्यामुळे एक अक्षर बदलले तरी क्रमांक बदलतो. लेखकांना श्रेय मिळण्यासाठी डीओआय आणि नेमका कोड पडताळण्यासाठी हा क्रमांक, असे दोन्ही द्यावेत.

प्रश्न : निवृत्त सहकाऱ्यांचा फोरट्रान या जुन्या संगणकीय भाषेतला कोड विभागातल्या एका संगणकावर पडून आहे. तो आम्ही जाहीर करू शकतो का? (प्राध्यापक, फर्मागुढी)

उत्तर : परवानगी घेतल्याशिवाय करू नये. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचे संरक्षण आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामावर, वेगळा करार नसल्यास, पहिला हक्क सामान्यतः नियोक्त्याचा असतो. म्हणून त्या सहकाऱ्यांची आणि संस्थेचीही लेखी संमती घ्यावी आणि एमआयटी किंवा जीपीएल यांसारखा, इतरांना वापराची मुभा देणारा परवाना स्पष्टपणे जोडावा. परवान्याविना जाहीर केलेला कोड लोकांना दिसतो, पण इतरांना तो निर्धास्तपणे वापरता येत नाही.

त्या संगणकाची हार्ड डिस्क कधीही दगा देऊ शकते, तेव्हा परवानगीची वाट न पाहता फाइलींची प्रत आजच काढून ठेवावी. कोड नीटनेटका करण्याचा मोह आवरावा. आधी मूळ रूप जसेच्या तसे जपावे, सुधारणा पुढच्या आवृत्तीत कराव्यात. सोबतच्या रीडमी या माहितीच्या फाइलीत कंपायलरचे (कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या प्रोग्रामचे) नाव व आवृत्ती लिहावी, तसेच एक छोटी नमुना इनपुट फाइल आणि तिच्यातून यायला हवे ते उत्तर जोडावे. हे सहकारी अजून भेटू शकतात, तर इनपुट फाइलीतला कोणता स्तंभ काय दर्शवतो आणि त्याचे एकक कोणते, हे त्यांना विचारून आत्ताच लिहून घ्यावे; नुसता कोड वाचून ते बहुधा उमगत नाही.