विंडोजवर चालते, उबुंटूवर कोसळते

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या वाचनालयाचं पुस्तक देवघेवीचं रजिस्टर भाच्याने पायथनमध्ये करून दिलंय, डेटा एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसच्या एका फाईलीत. फाईल विंडोजच्या पीसीवर आहे आणि तिथे काही कटकट नाही. आता जुन्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स टाकलं, तिथून शेअर्ड फोल्डरमधली तीच फाईल उघडली की कधी 'डेटाबेस इज लॉक्ड', कधी 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड', आणि प्रोग्रॅम धाडकन बंद. पेनड्राइव्हवर नेली तर उघडते पण कालपरवाच्या एंट्र्या गायब! भाचा म्हणतो लिनक्सचाच प्रॉब्लेम, परत विंडोज टाक. टाकू का?
– एक ग्रंथपाल, मिरज

उत्तर: नका टाकू, कारण शेअर्ड फोल्डरमधूनच उघडणार असाल तर विंडोजवरही हेच होऊ शकतं. एसक्यूलाइटची फाईल सगळ्या सिस्टिमवर सारखीच असते, विंडोजची लिनक्सवर जशीच्या तशी चालते.

खरी खूण तुम्हीच दिलीत, गायब एंट्र्यांची. भाच्याने बहुतेक डब्ल्यूएएल (राइट-अहेड लॉग, म्हणजे बदल आधी वेगळ्या नोंदवहीत लिहायचा) मोड चालू केलाय (२०१० पासून आहे तो, आणि एकदा लावला की फाईलीतच चिकटून राहतो). त्यात नवीन एंट्री आधी शेजारच्या, शेवटी -डब्ल्यूएएल असलेल्या फाईलीत जाते, आणि साधारण १००० पानं (डेटाबेसचे छोटे तुकडे), म्हणजे ४ एमबीच्या आसपास, भरली किंवा प्रोग्रॅम नीट बंद केला की मग मूळ फाईलीत उतरते. वाचनालयाच्या एंट्र्यांनी ४ एमबी कधी भरायची, आणि पीसीवरचा प्रोग्रॅम तुम्ही बंदच करत नसाल, मग पेनड्राइव्हवर एकटी मूळ फाईल गेली, कालपरवाचं मागेच राहिलं. ती -डब्ल्यूएएलवाली फाईल फालतू समजून डिलीट मात्र करू नका, एंट्र्या तिच्यातच आहेत!

शेजारी तिसरी फाईल असते, शेवटी -एसएचएम असलेली. ती म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून वापरायची मेमरी, आणि मेमरी एकाच मशीनवर वाटून घेता येते, नेटवर्कवरून पीसी आणि लॅपटॉपला नाही. मग दोघं आपापल्या समजुतीने लिहीत बसतात आणि फाईलीची वाट लागते.

आता दोन्हीकडे प्रोग्रॅम बंद करा, ज्या फाईली दिसतील त्या सगळ्या एकत्र कॉपी करून ठेवा. मग पीसीवरच 'प्राग्मा इंटिग्रिटी_चेक' ही फाईल शाबूत आहे का ते तपासणारी कमांड चालवा. ओके आलं तर सुटलात, नाहीतर एसक्यूलाइटच्या कमांड लाइनवाल्या टूलमधलं '.रिकव्हर' वापरून जेवढं निघेल तेवढं नव्या फाईलीत काढा. नंतर 'जर्नल_मोड' ही सेटिंग डब्ल्यूएएलवरून 'डिलीट'वर बदलायला भाच्याला सांगा, पण तेवढ्यावर दोन मशीनवरून एकदम लिहायला जाऊ नका, नेटवर्कवरच्या लॉकचा (एक लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणाऱ्या कुलपाचा) भरवसा नसतो. लिहिणं पीसीवरच ठेवा, लॅपटॉपला फक्त पुस्तक शोधायचंय तर रोज संध्याकाळी 'व्हॅक्यूम इंटू' या कमांडने नव्या फाईलीत काढलेली पूर्ण कॉपी द्या. दोन्हीकडून एंट्री हवीच असेल तर भाच्याला पीसीवर छोटा सर्व्हर करायला लावा, लॅपटॉप ब्राउझरमधून जोडेल.

आणि हो, कधी 'नो सच टेबल' आलं तर आधी फाईलीच्या नावातली अक्षरं बघा. विंडोजला कॅपिटल-स्मॉल सारखंच, उबुंटूला वेगळं, आणि फाईल सापडली नाही की एसक्यूलाइट गुपचूप नवी रिकामी फाईल बनवतो, यात माझी एकदा अख्खी दुपार गेली होती.