परसदारचे प्रश्न: कोंबड्या ठेवू की मेथी?

दिवाळी झाली की या सदराला पत्रं जरा जास्तच येतात, कारण पावसाळ्यात लावलेलं सगळं एकदम काढणीला येतं आणि कोंबड्यांचेही नखरे त्याच सुमारास सुरू होतात. यावेळी चारच घेतलीत, पहिल्याला जागा जास्त लागली, त्याला माझा नाइलाज आहे.

प्रश्न : आम्ही कराडजवळ राहतो, घरामागे दीड गुंठा जागा आहे. मागच्या वर्षी मी सहा कोंबड्या आणल्या, चार गावरान आणि दोन गिरिराज. अंडी छान मिळतात, पण परवा उगवलेला मेथीचा अख्खा वाफा त्यांनी अर्ध्या तासात उकरून टाकला. मिस्टर म्हणतात एकतर कोंबड्या ठेव नाहीतर भाजी कर. काय करू?

उत्तर : ताई, मिस्टरांना सांगा दोन्ही ठेवायचं, फक्त दोघांची वेळ वेगळी ठेवायची. कोंबडी उकरणारच, तो तिचा धंदा आहे, आणि तुम्ही नुकतीच भुसभुशीत केलेली ओलसर माती म्हणजे तिच्यासाठी ताट वाढून ठेवल्यासारखंच. मी पहिली दोन वर्षं काठी घेऊन मागे धावले, त्यात माझंच वजन कमी झालं, कोंबड्यांना काही फरक पडला नाही.

आता मी काय करते ते सांगते. दिवसभर त्या जाळीच्या आवारात असतात आणि साडेचारच्या सुमारास सोडते. अंधार पडायला लागला की त्या आपल्या आपण खुराड्यात येतात, बोलवावं पण लागत नाही, म्हणजे त्यांना मोकळं फिरायला दीड-दोन तासच मिळतात आणि मी तेव्हा पाणी घालायला बाहेरच असते. उगवता वाफा असेल त्याच्याभोवती चार फुटी शेडनेट बांधायचं, आमच्याकडे कोकणात माशाचं जुनं जाळं मिळतं, ते फुकटात होतं. मिरची-वांग्याचं रोप लावलं की बुंध्याभोवती चार-पाच दगड मांडा, मग कोंबडीला मुळाशी पाय मारता येत नाही. रोप गुडघ्याएवढं झालं की मग त्या खालचं गवत आणि किडेच खातात, रोपाला त्रास देत नाहीत. पालेभाजीला मात्र दया दाखवत नाहीत, तिथे जाळं कायमचंच.

आणि खरी मजा काढणीनंतर आहे. भेंडी संपली, झाडं उपटली, की तो वाफा आठ-दहा दिवस कोंबड्यांच्या ताब्यात द्या. हुमणी, गोगलगायी, तणाचं बी, सगळं वेचून खातात, वर माती उकरून ठेवतात, तुमची कुदळ मारायची मेहनत निम्मी वाचते. फक्त एक लक्षात ठेवा, कोंबडीची ताजी विष्ठा फार उष्ण असते, रोपाच्या बुडाशी तशीच टाकली तर मुळं जळतात (माझ्या आठ मिरच्या अशाच गेल्यात). खुराड्यातलं सगळं खाली घातलेल्या भुशासकट काढून सुक्या पानांच्या ढिगात मिसळायचं आणि दोन-तीन महिने कुजू द्यायचं, मग वापरायचं. कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं पीक जिथे उभं आहे तिथे तर कोंबडी शिरूच द्यायची नाही, पोटाच्या रोगाचे जंतू विष्ठेतूनच येतात.

तुम्ही विचारलं नाही तरी सांगते, लस दिली आहे ना? मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली तर सहाच्या सहा कोंबड्या आठवडाभरात जातात आणि त्यावर औषध नाही. भारतात हा रोग १९२७ साली राणीखेतला पहिल्यांदा नोंदला गेला, म्हणून ते नाव. पिल्लं पाच-सात दिवसांची झाली की लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकायचा आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी या लसीचं इंजेक्शन द्यायचं. पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, पण कुपीत डोस भरपूर असतात आणि एकदा फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणून आळीतल्या चार घरच्या कोंबड्या एकदमच न्या. आमच्याकडे तो दिवस जत्रेसारखा असतो.

प्रश्न : पाच कोंबड्या आहेत, दसऱ्यापर्यंत रोज तीन-चार अंडी मिळायची, आता दोन दिवसांतून एक. खायला तेच घालतो. कोणी दृष्ट लावली म्हणावं का? — एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : दृष्ट सगळ्यात शेवटी धरू, आधी खुराड्याभोवती पिसं पडलीत का बघा. वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसं टाकून नवी घेते, त्यात दीड-दोन महिने जातात आणि तोवर अंडं बंद, कारण प्रथिनं सगळी पिसांकडे जातात. दुसरं कारण उजेड. अंडी भरपूर यायला चौदा-सोळा तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. पोल्ट्रीवाले बल्ब लावतात, मी नाही लावत, तिलाही थोडी सुट्टी असू दे की. फार तर पहाटे दोन तास लावा, संध्याकाळी नको, नाहीतर दिवा विझवला की बिचारीला काळोखात बसायची जागा सापडत नाही.

तिसरं म्हणजे एखादी खुडूक झाली असेल. दिवसभर एका जागी फुगून बसते, हात लावला की गुरगुरते, तीच. पिल्लं हवी असतील तर खाली दहा-बारा अंडी ठेवा आणि २१ दिवस तिला त्रास देऊ नका. नको असतील तर खालून वारा लागेल अशा तारेच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, पोट गार झालं की येते भानावर. नाकात पीस घालायचा उपाय गावात अजून करतात, कृपा करून करू नका, त्या जीवाचे नुसते हाल होतात.

आणि हे काहीच नसेल तर माडाच्या बुंध्याशी, लाकडांच्या ढिगात शोधा. मला एकदा सरपणामागे सतरा अंडी सापडली होती. अशी जुनी अंडी घमेल्यात पाणी घेऊन त्यात सोडा, तळाला आडवं पडलं तर ताजं, तरंगलं तर सरळ खड्ड्यात.

प्रश्न : घरचा दुधी पहिल्यांदाच आला, बी मागच्या वर्षीच्या वेलाचं होतं. भाजी केली तर कडूझार. साखर घालून हलवा केला तर चालेल का? टाकायला जीव होत नाही.

उत्तर : नाही. अजिबात नाही. कडू दुधी टाकायचाच, शिजवून किंवा साखर घालून त्यातलं विष जात नाही. उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली येणं, इथपर्यंत जातं, आणि कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. कारल्याचा कडूपणा वेगळा आणि हा वेगळा, त्याच्याशी तुलना करू नका. कोंबड्यांनाही घालू नका. बहुतेक तुमच्या वेलाचा जवळपासच्या कुठल्यातरी रानटी कडू वेलाशी संकर झाला असणार, म्हणून त्या वेलाचं बी पुन्हा धरू नका. यापुढे प्रत्येक दुधी चिरला की एक छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा, कडू लागला की थुंकायचा आणि चूळ भरायची. हा नियम घरच्या दुधीला तसाच बाजारच्याही.

प्रश्न : सात वांग्याची झाडं लावली, आता रोज घमेलंभर वांगी. शेजारी मला बघून दार लावून घेतात. भरीत, भरली वांगी, काप सगळं झालं. मुलं संपावर आहेत. — लातूर

उत्तर : चौघांच्या घराला तीन झाडं पुरतात हो, पण हे आपल्याला दरवर्षी नोव्हेंबरातच आठवतं. तुम्ही लातूरकर आणि मला विचारता? उसऱ्या घाला की. कोवळी वांगी चिरून लगेच मिठाच्या पाण्यात टाका, निथळून गच्चीवर कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, मोडली की कट्ट आवाज आला पाहिजे, मगच डब्यात. उन्हाळ्यात भाजी महाग झाली की कोमट पाण्यात भिजवून दाण्याचं कूट घालून रस्सा करायचा, तेव्हा हीच मुलं पुन्हा मागतील. आमच्या कोकणच्या दमट हवेत हे नीट होत नाही, बुरशी धरते, म्हणून मला तुमचा हेवा वाटतो.

किडकी निघतील ती उकिरड्यावर फेकू नका. पोखरलेलं वांगं मधून फोडून कोंबड्यांपुढे टाका, आधी अळी खातात मग गर. झाडाची पानं आणि देठ मात्र त्यांना द्यायचे नाहीत. तुमच्याकडे कोंबड्या नसतील तर दार लावून घेणाऱ्या त्या शेजाऱ्यांकडे आहेत का बघा.