ग्राफाना नंतर, आधी नोंद नीट करा

ईएसपी३२ला (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) डीएचटी२२ हा तापमानाचा सेन्सर जोडलाय, दर दोन सेकंदांनी सिरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणारी संगणकावरची खिडकी) येणारे आकडे कॉपी करून एक्सेलमध्ये आलेख काढता, आणि रेघ मध्येच शून्यावर आपटते. म्हणून आता ग्राफाना हे आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर बसवायचा विचार आहे. बरोबर ना?

ग्राफाना राहू द्या तूर्त. सेन्सरकडून उत्तर आलं नाही की लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार कोड) संख्येऐवजी ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नाही’, असं देते, आणि सिरियलवर तेच छापलं जातं. एक्सेलच्या लेखी तो मजकूर. लाइन चार्टमध्ये मजकुराचा सेल शून्य म्हणून काढला जातो, त्यामुळे खोलीत बर्फ पडल्यासारखा आलेख दिसतो! प्रोग्राममध्येच तपासा: वाचन फसलं तर वेळ लिहा आणि तापमानाची जागा रिकामी सोडा. शून्य नको, मागचा आकडा पुन्हा तर मुळीच नको. तो खरा वाटतो, आणि नंतर ओळखूही येत नाही.

वाचन फसतं का, तर बहुतेक वेळा तारेमुळे. डेटा पिन आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ ते १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर, म्हणजे डेटाची तार एरवी ३.३ व्होल्टवर धरून ठेवणारा रोध, हवा (छोट्या बोर्डावर बसवलेल्या सेन्सरला तो सहसा आधीच असतो). शिवाय दोन सेकंद ही या सेन्सरची किमान मर्यादा आहे, तुम्ही अगदी काठावर चालताय. खोलीचं तापमान इतक्या घाईने बदलत नाही. मिनिटाला एक नोंद पुरे. दिवसाला १,४४० ओळी, वर्षाला ५,२५,६००. ओळ ३० बाइटची धरली तरी वर्षाचे जेमतेम १६ एमबी. एवढ्यासाठी डेटाबेस कशाला? साधी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे, ओळीला एक नोंद) चालेल. एसडी कार्डावर लिहीत असाल तर प्रत्येक ओळीनंतर फ्लश करा (मेमरीतलं लगेच कार्डावर उतरवा), म्हणजे वीज गेली तरी नुकसान फार तर एका ओळीचं.

खरी गोम वेळेत आहे. बरेच जण वेळेच्या जागी ‘मिलिस’चा, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांचा, आकडा लिहितात. बोर्ड रीसेट झाला की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि न थांबता चालला तरी सुमारे ४९.७ दिवसांनी उलटून शून्यावर येतो. वायफाय असेल तर एनटीपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरकडून, वेळ घ्या. नसेल तर डीएस३२३१ ही घड्याळाची चिप लावा. त्याची चूक सामान्य तापमानाला वर्षाकाठी मिनिटभराच्या आसपास राहते. मात्र एनटीपीचं उत्तर येईपर्यंत ईएसपी३२ स्वतःला १९७० सालात समजतो. तेवढ्यात एक ओळ जरी लिहिली गेली, तरी तुमचा सगळा आलेख उजव्या कडेला चिकटून बसेल. तेव्हा वेळ मिळेपर्यंत लिहायचंच नाही. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळ), सेकंदांत साठवा. स्थानिक वेळ आलेख काढताना करता येते.

सरासरी वगैरे काढून गुळगुळीत केलेले आकडे साठवू नका. कच्चे आकडेच ठेवा. रेघ मऊ करणं नंतर कधीही जमतं, पण एकदा सरासरीत विरघळलेला खड्डा परत मिळत नाही.

एक्सेलच वापरायचं असेल तर लाइन चार्टऐवजी स्कॅटर चार्ट घ्या. लाइन चार्ट साधारणपणे ओळी समान अंतरावर मांडतो, त्यामुळे बोर्ड तीन तास बंद होता हे दिसतच नाही. पायथन येत असेल तर पांडाज (आकडे वाचायला) आणि मॅटप्लॉटलिब (आलेख काढायला) या लायब्ररी वापरा. रिकाम्या जागी रेघ आपोआप तुटते, आणि तशी तुटलेलीच बरी. उभा अक्ष तापमानासाठी शून्यापासून सुरू करायची गरज नाही. सेन्सरची अचूकता ±०.५ अंश आहे, त्यामुळे ०.१ अंशाच्या थरथरीवरून निष्कर्ष काढू नका. आणि सेन्सर बोर्डाला चिकटवून ठेवला असेल तर लांब करा. वायफाय चालू असताना ईएसपी३२ गरम होतो, मग तुम्ही खोलीचं नाही, त्याचंच तापमान मोजताय.

ग्राफाना आणि इन्फ्लक्सडीबी (वेळेनुसार आकडे साठवणारा डेटाबेस) कामाचे आहेत, पण चार-पाच उपकरणं झाली किंवा फोनवर चालू आकडे बघायचे असले की. तेव्हा हीच सीएसव्ही तिकडे भरता येईल.

हे करूनही रिकाम्या जागा फार दिसल्या तर तारेची लांबी आणि रेझिस्टर कितीचा लावलाय ते सांगा.